पोरांच्या दंडावरून आलेली लस

१७५७ साली इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यात आठ वर्षांच्या एका मुलाला देवी टोचण्यासाठी वॉटन-अंडर-एज या गावी नेण्यात आलं. टोचण्याआधी शरीर 'तयार' करावं लागतं, अशी तेव्हाच्या वैद्यांची ठाम समजूत होती. त्यामुळे सहा आठवडे त्या मुलाचं रक्त काढलं गेलं, रेच दिले गेले, पोटभर जेवण बंद झालं. पार काटकुळा झाल्यावर देवीच्या एका रोग्याच्या फोडातला पू त्याच्या दंडात भरण्यात आला आणि त्याची रवानगी घोड्यांच्या तबेल्यात झाली. अशीच टोचलेली आणखी मुलं तिथं होती. ताप चढायचा, फोड यायचे, खपल्या धरायच्या. सगळं उरकेपर्यंत बाहेर सोडत नसत. हा मुलगा वाचला. आई-वडील त्याच्या पाचव्या वर्षीच गेले होते. सांभाळायला पाद्री झालेला थोरला भाऊ होता. मुलाचं नाव एडवर्ड जेन्नर. जन्म १७ मे १७४९, गाव बर्कली. तबेल्यातले ते दिवस तो म्हातारपणीही विसरला नव्हता.

पोटच्या पोराला कोणी असं का करेल, हे कळायला देवीचा रोग काय होता ते आठवावं लागतं. ज्यांना देवी यायच्या त्यांच्यातली दहापैकी दोन-तीन माणसं दगावायची. जी वाचायची त्यांचे चेहरे वणांनी भरून जायचे, कित्येकांचे डोळे जायचे. या रोगाला राजवाड्याचा पहारा अडवत नव्हता. इंग्लंडची राणी दुसरी मेरी १६९४ मध्ये देवीनं गेली, फ्रान्सचा पंधरावा लुई १७७४ मध्ये. त्या मानानं टोचून आणलेल्या देवी सौम्य निघत. शंभरात एक किंवा दोन मृत्यू. हा सौदा आईबाप डोळे मिटून पत्करायचे.

ही युक्ती युरोपची नव्हतीच. इस्तंबूलमध्ये राहिलेल्या लेडी मेरी वर्टली माँटेग्यूनं ती तिथं पाहिली, १७१८ मध्ये स्वतःच्या मुलाला टोचून घेतलं आणि १७२१ मध्ये लंडनला परतल्यावर मुलीलाही. त्याच वर्षी न्यूगेट तुरुंगातल्या सहा कैद्यांवर या पद्धतीची चाचणी झाली. टोचून घ्या आणि सुटा, असा तो करार होता. सहाही जगले. बंगालमध्ये तर टीकादार ब्राह्मण दर हंगामात गावोगाव फिरून देवी टोचत, आणि हॉलवेल नावाच्या कंपनीच्या डॉक्टरानं १७६७ मध्ये त्यांच्या पद्धतीचं सविस्तर वर्णन छापलं होतं. पद्धतीत खोट एकच होती, पण मोठी. टोचलेल्या माणसाला खऱ्याच देवी यायच्या, म्हणून त्याच्यापासून शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्या लागायच्याही. एक घर वाचायचं आणि गल्ली आजारी पडायची.

जेन्नरनं चौदाव्या वर्षाच्या सुमारास चिपिंग सॉडबरीच्या डॅनियल लडलो या शल्यवैद्याकडे उमेदवारी धरली. गोष्टीतली ती प्रसिद्ध गवळण इथंच भेटते. 'मला गाईच्या देवी येऊन गेल्यात, आता मला खऱ्या देवी कधीच येणार नाहीत,' असं ती म्हणाली आणि पोरसवदा जेन्नरच्या डोक्यात दिवा लागला, अशी ही गोष्ट. गोडच आहे. पण ती आपल्यापर्यंत आली जॉन बॅरन या चरित्रकारामुळे, जेन्नरच्या मृत्यूनंतर, आणि अलीकडच्या अभ्यासकांचा तिच्यावर फारसा विश्वास नाही. जवळच्याच थॉर्नबरी गावात जॉन फ्यूस्टर नावाचे वैद्य देवी टोचत. गाईच्या देवी होऊन गेलेल्यांना टोचलं तर काहीच उठत नाही, हे १७६८ च्या सुमारास त्यांच्या ध्यानात आलं होतं आणि वैद्यांच्या बैठकीत त्याची चर्चाही झाली होती. गाईच्या आचळावर फोड येतात, धार काढणाऱ्याच्या हाताला ते लागतात, आठ-दहा दिवसांत बरे होतात आणि त्या माणसाला पुढे देवी येत नाहीत, हे दुधाच्या धंद्यातल्या माणसांना ठाऊक होतं. जेन्नरला हे कळायला एकाच गवळणीची गरज नव्हती. त्याच्या परगण्यात गोठ्यागोठ्यातून हे ऐकू येत होतं.

ठाऊक असलेलं करून पाहणाराही एक निघाला. डॉर्सेटमधल्या येटमिन्स्टरचा शेतकरी बेंजामिन जेस्टी. १७७४ मध्ये त्या भागात देवीची साथ आली. जेस्टीला स्वतःला गाईच्या देवी होऊन गेल्या होत्या, त्याला धास्ती नव्हती. बायकोची आणि दोन लहान मुलांची होती. त्यानं तिघांना शेजारच्या शेतकऱ्याच्या आजारी गाईंपाशी नेलं आणि मोजे विणायच्या सुईनं त्यांच्या दंडात गाईचा पू भरला. बायकोचा हात इतका सुजला की ती जाते की राहते असं झालं, पण ती वाचली. गावानं मात्र जेस्टीची छी-थू केली, बाजाराला निघाला की लोक मागे हुर्यो करत. माणसाच्या अंगात जनावराचा पू घालणारा तो राक्षस ठरला. जेस्टी मुकाट आपली शेती करत राहिला. ना त्यानं कुठे लिहिलं, ना कोणा वैद्याला सांगायला गेला. एकतीस वर्षांनी, १८०५ मध्ये, जेन्नरच्या विरोधकांनी त्याला हौसेनं लंडनला बोलावलं, सोन्याच्या मुठीची नस्तरं दिली, त्याचं चित्र काढवून घेतलं. लंडनला जाताना बरे कपडे घाला म्हणून घरचे मागे लागले, तर म्हातारा म्हणाला की गावात जे घालतो त्याहून चांगलं लंडनमध्ये का घालू? जेन्नरच्या आधी बावीस वर्षं हा माणूस तिथं पोचला होता, याबद्दल आता कोणी वाद घालत नाही.

मग जेन्नरनं वेगळं काय केलं? त्याचं उत्तर देवींपासून जरा लांब, पक्ष्यांच्या घरट्यात सापडतं.

१७७० मध्ये जेन्नर लंडनला सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये जॉन हंटर यांच्या हाताखाली शिकायला गेला. हंटर हे त्या काळातलं अजब प्रकरण होतं. शल्यवैद्य तर होतेच, पण देवमाशापासून साळिंदरापर्यंत जे हाती लागेल ते चिरून पाहायचं वेड त्यांना होतं. जेन्नर दोन-अडीच वर्षांनी गावी परतला, तरी गुरूंची पत्रं येतच राहिली: हे पाठव, ते मोजून पाहा. एका पत्रात जेन्नरनं कसलासा तर्क मांडला तेव्हा हंटरनी उलट विचारलं की नुसता विचार कशाला करतोस, करूनच का पाहत नाहीस. कॅप्टन कुकच्या पहिल्या सफरीत गोळा झालेले नमुने जेन्नरनं लावून दिले होते आणि दुसऱ्या सफरीला चलण्याचं आमंत्रणही त्याला होतं. त्यानं नाही म्हटलं. बर्कली, तिथली झाडंझुडपं, बासरी, मित्रमंडळी, घोड्यावरून रोग्यांच्या घरी जाणं, यातच त्याला सुख होतं.

आपल्या कोकिळेसारखाच दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालणारा कक्कू हा पक्षी इंग्लंडात आहे. त्याचं पिल्लू बाहेर आलं की घरट्यातली मूळची अंडी-पिल्लं नाहीशी होतात. लोक म्हणत, मोठा कक्कू येऊन ती फेकतो. जेन्नरनं घरट्यांपाशी बसून पाहिलं आणि लिहिलं की हे काम त्या नुकत्याच जन्मलेल्या, डोळेही न उघडलेल्या पिल्लाचं आहे. त्याच्या पाठीवर जन्मतः खळगा असतो. त्यात अंडं घेऊन ते मागेमागे सरकत घरट्याच्या काठावरून बाहेर लोटतं. बाराव्या दिवसाच्या सुमारास खळगा भरून येतो. या निबंधामुळे १७८९ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. पुष्कळांना ते पटलं नाही. लसीचे विरोधक पुढे शंभर वर्षं या कक्कूवरून जेन्नरची टर उडवत होते. विसाव्या शतकात चित्रफितीवर ते दिसलं तेव्हा हा विषय मिटला.

त्याच नजरेची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. छातीत कळ येऊन मेलेल्या एका रोग्याचं हृदय तो कापत होता, तर सुरी कसल्याशा कडक वस्तूवर करकरली. छताचा गिलावा पडला की काय म्हणून त्यानं वर पाहिलं. गिलावा नव्हता, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्याच हाडासारख्या कडक झाल्या होत्या. रोगाचं मूळ इथं आहे हे त्याला उमगलं, पण त्यानं ते जाहीर केलं नाही. कारण नेमका तोच आजार गुरू हंटरना होता, आणि वाचून त्यांना कळलं असतं की यावर इलाज नाही. १७९३ मध्ये सेंट जॉर्जेसमध्येच एका बैठकीत वादावादी होऊन हंटर कोसळले. शवविच्छेदनात जेन्नरचं म्हणणं खरं निघालं.

असा हा गावाकडचा वैद्य, शेहेचाळीस वर्षांचा, १४ मे १७९६ रोजी आपल्या माळ्याचं काम करणाऱ्या एका मजुराच्या आठ वर्षांच्या मुलाला समोर बसवतो. मुलाचं नाव जेम्स फिप्स. सारा नेल्म्स नावाच्या गवळणीच्या हाताला काटा लागला होता आणि ब्लॉसम नावाच्या गाईची धार काढताना त्या ओरखड्यातून तिला गाईच्या देवी झाल्या होत्या. तिच्या फोडातला द्रव घेऊन जेन्नरनं जेम्सच्या दंडावर अर्ध्या इंचाच्या दोन उथळ चिरा दिल्या. सातव्या दिवशी काखेत दुखलं, नवव्या दिवशी थंडी वाजून डोकं दुखलं, रात्र तळमळत गेली, दुसऱ्या दिवशी पोरगा ठणठणीत. १ जुलैला जेन्नरनं त्याच्या दोन्ही दंडांत खऱ्या देवीचा पू भरला. काहीही उठलं नाही.

आज हे वाचताना अंगावर काटा येतो. त्या काळी मात्र १ जुलैच्या टोचणीत कोणाला काही वावगं दिसलं नसतं. तीच तर रूढ पद्धत होती, जी खुद्द जेन्नरच्या वाट्याला तबेल्यात आली होती. खटकावं असं दुसरंच काही आहे. प्रयोगासाठी निवडलेलं मूल बहुतेकदा मजुराचं किंवा अनाथ असायचं. आणि फिप्सवर ते एकदाच झालं नाही, पुढे आयुष्यभरात वीसेक वेळा त्याला देवी टोचून पाहण्यात आल्या, दर वेळी येणाऱ्या-जाणाऱ्या शंकेखोरांची खात्री पटवायला.

जेन्नरनं लेख लिहून रॉयल सोसायटीकडे धाडला. एका मुलावरून असा दावा करून मिळवलेली अब्रू घालवू नका, असा सल्ला परत आला. सल्ला अपमानकारक होता, पण चुकीचा नव्हता. जेन्नर पुन्हा गाई शोधू लागला आणि परगण्यात गाईच्या देवीच नाहीशा झाल्या. हा रोग असाच; कधी यायचा, कधी वर्षानुवर्षं दिसायचा नाही. जवळपास दोन वर्षं तो हात चोळत बसला.

१७९८ च्या वसंतात गोठ्यांत फोड पुन्हा दिसले, आणि खरं महत्त्वाचं काम तेव्हा झालं. फिप्सचं नाव सगळ्यांना माहीत आहे. विल्यम समर्स हे नाव कोणाला ठाऊक नसतं. साडेपाच वर्षांच्या समर्सला जेन्नरनं थेट गाईच्या आचळावरून टोचलं. समर्सच्या फोडातून विल्यम पीडला, पीडच्या दंडावरून इतर मुलांना, त्यांत सात वर्षांची हॅना एक्सेल होती. हॅनाच्या फोडातून आणखी चौघांना. जेन्नरचा अकरा महिन्यांचा स्वतःचा मुलगा रॉबर्टही त्यांत होता, पण त्याला ते लागलंच नाही. त्या चौघांतल्या मेरी पीडकडून जे. बार्जला. एकापासून दुसऱ्याला असं पाच पायऱ्या उतरूनही लसीचा जोर कमी झाला नाही. आता गाईची वाट पाहायची गरज उरली नव्हती. एक मूल दर आठवड्या-दहा दिवसांनी दुसऱ्या मुलाच्या हवाली करेल, तोवर लस जिवंत राहणार होती. याच काळात घोड्याच्या खुराच्या रोगापासून घेतलेला द्रव पाच वर्षांच्या जॉन बेकरला टोचला. गरीबखान्यात ताप येऊन ते पोर मेलं. जेन्नरनं त्याचा उल्लेख नंतर छापलेल्या पुस्तकात केला आहे, पण फार ओझरता.

त्याच वर्षी तेवीस नोंदी आणि साराच्या हाताचं रंगीत चित्र असलेलं पाऊणशे पानी पुस्तक त्यानं स्वतःच्या खर्चानं छापलं. औषध गुप्त ठेवून गबर होणं त्या काळी सहज शक्य होतं. देवी टोचणाऱ्या सटन घराण्यानं आपली पद्धत झाकून ठेवून बक्कळ पैसा केला होता. जेन्नरनं उलट केलं: कोणीही शिकावं, कोणीही टोचावं. बर्कलीच्या बागेत झाडाच्या ओंडक्यांची एक झोपडी होती, तिथं गरिबांना फुकट टोचायचा. देशोदेशीहून पत्रं येत, त्यांना उत्तरं लिहिताना तो स्वतःला जगाचा लस-कारकून म्हणवून घ्यायचा.

लंडननं मात्र आधी पाठ फिरवली. १७९८ मध्ये तीन महिने तिथं राहूनही टोचून घ्यायला एक माणूस मिळाला नाही. बर्कलीहून नेलेली लस हेन्री क्लाइन या शल्यवैद्यानं एका मुलाला दुसऱ्याच कारणासाठी टोचून पाहिली, ती लागली, आणि तिथून चक्र फिरलं. पण लगेच घोळही झाला. विल्यम वुडविल यांनी देवीच्याच इस्पितळात लस टोचायला घेतली, तिथल्या हवेत, नस्तरांवर, कपड्यांवर खऱ्या देवी भरलेल्या. टोचलेल्यांच्या अंगभर फोड उठले, आणि ती भेसळ झालेली लस दूरवर वाटली गेली. जॉर्ज पिअर्सन यांनी तर जेन्नरला वगळूनच संस्था काढली. बेंजामिन मोझली लोकांना भीती घालत होते की माणसाच्या अंगात बैलपणा शिरेल. १८०२ मध्ये जेम्स गिलरेनं व्यंग्यचित्र काढलं: टोचून घेणाऱ्यांच्या नाकातून, हातातून, कुल्ल्यातून गाई बाहेर पडतायत. चित्र जबरदस्त विनोदी आहे, आजही पाहून हसू येतं.

त्याच वर्षी पार्लमेंटनं जेन्नरला दहा हजार पौंड दिले. वीस हजारांची सूचना तीन मतांनी पडली. त्या भरवशावर त्यानं लंडनच्या हर्टफर्ड स्ट्रीटवर घर घेऊन दवाखाना थाटला आणि तो बुडाला. फुकट शिकवलेली गोष्ट आता गल्लोगल्लीचे डॉक्टर करत होते, त्याच्याकडे कोण येणार? १८०७ मध्ये आणखी वीस हजार मिळाले तेव्हा डोक्यावरचं कर्ज हललं. फ्रान्सशी युद्ध चालू असताना नेपोलियननं सैन्याला लस टोचून घेतली, आणि जेन्नरच्या विनंतीवरून काही इंग्रज कैदीही सोडले.

आता या सगळ्यातला अवघड प्रश्न. बर्फ नाही, वीज नाही. दोऱ्यावर किंवा काचेवर वाळवलेली लस उन्हात आठवडा-पंधरवड्यात निकामी व्हायची. समुद्रापार न्यायची कशी? स्पेननं उत्तर काढलं. ३० नोव्हेंबर १८०३ रोजी ला कोरुन्या बंदरातून मारिया पीता हे जहाज निघालं. त्यावर डॉक्टर फ्रान्सिस्को बाल्मिस होते आणि तीन ते नऊ वर्षांची बावीस अनाथ मुलं. सांभाळायला अनाथालयाची व्यवस्थापक इसाबेल सेंदाल. तिचा स्वतःचा मुलगाही त्या बावीसांत होता. दर नऊ-दहा दिवसांनी दोघांना टोचायचं, त्यांचे फोड भरले की पुढच्या दोघांना. दोन अशासाठी की एकाचा फोड फुटला तरी साखळी तुटू नये. असं करत लस कॅरिबियन बेटांवर, मेक्सिकोत, आणि तिथून मेक्सिकोची सव्वीस मुलं घेऊन फिलिपाइन्सला पोचली.

हिंदुस्थानकडे यायची वाट मुख्यतः जमिनीची होती. समुद्रमार्गे पाठवलेली लस एक तर मरून पोचे, नाही तर पोचतच नसे. जहाजावर वीस माणसं बसवून एकाचं दुसऱ्याला टोचत नेऊ, हा जेन्नरचा बेत सरकारनं फेटाळला होता. अखेर धागा जुळवला व्हिएन्नातल्या ज्याँ द कारो या जिनिव्हाच्या डॉक्टरानं. लसीत भिजवलेला कापूस काचेच्या दोन तबकड्यांमध्ये बंद करून त्यावर मेणाचे थर देऊन त्यानं तो इस्तंबूलला धाडला. तिथं इंग्लंडचे वकील लॉर्ड एल्गिन होते. अथेन्सची संगमरवरी शिल्पं काढून नेणारे हेच ते एल्गिन. लस पुढे सरकवण्याचं पुण्यही त्यांच्या खात्यावर मांडायला हवं. तिथून बगदाद. लस अजून जिवंत होती. बगदादला मुलांना टोचून ताजी केली, बसऱ्याला तेच, आणि बसऱ्याहून जहाजानं मुंबई.

मुंबईत वीसेक मुलांना टोचलं, एकीलाच लागली. १४ जून १८०२, मुलगी अ‍ॅना डस्टहॉल, वय तीन वर्षं, एका नोकराची लेक. त्या मुलीचा स्वभाव शांत होता, टोचताना आणि नंतर द्रव काढून घेताना तिनं त्रास दिला नाही, असं जॉर्ज कीर या मुंबईच्या डॉक्टरानं पुढच्या वर्षी छापलेल्या वृत्तांतातून समजतं. आठवड्याभरानं तिच्या दंडावरून पाच मुलांना टोचलं गेलं. पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास, सिलोन, आणि मद्रासहून जहाजावरच्या मुलांना एकामागून एक टोचत कलकत्ता. सगळी लस त्या एका फोडाची. अ‍ॅनाचं पुढे काय झालं, याचा इतिहासात पत्ता नाही.

तो काळ मराठी वाचकाला दुसऱ्याच कारणानं आठवतो. त्याच वर्षी दिवाळीच्या दिवसांत, २५ ऑक्टोबरला, यशवंतराव होळकरांनी हडपसरपाशी पेशव्याचा आणि शिंद्यांचा पराभव केला, बाजीराव पुणं सोडून पळाला आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशी वसईला इंग्रजांशी तह करून बसला. लस पुण्याला पोचली ती अशा धामधुमीत.

ती इथं सहज रुजली असं मात्र नाही. देवीचा रोग म्हणजे देवी अंगात येणं. शीतळेचा कोप होईल अशा गोष्टीत कोण हात घालणार? दंडावरून दंडावर टोचायचं म्हणजे कोणाच्या तरी पोराचा द्रव आपल्या पोराच्या अंगात जाणार. ते पोर कोणत्या जातीचं, हा प्रश्न लगेच यायचा. आणि आपल्या बाळाचा फोड दुसऱ्यांसाठी फोडू द्यायला आयांचा विरोध असे. त्यांना तो बाळाचा जोर काढून नेण्यासारखा वाटे. त्यांना अडाणी म्हणणं सोपं आहे, पण दंडावरून दंडावर टोचताना उपदंशासारखे रोगही जाऊ शकतात, हे युरोपातल्या डॉक्टरांनीच पुढे मान्य केलं. लोकांचं मन वळवायला गमतीचे खटाटोपही झाले. धन्वंतरीला गाईची लस ठाऊक होती असं सांगणारा संस्कृत उतारा त्या काळी फिरत होता. कोणत्याही खऱ्या आयुर्वेदग्रंथात तो सापडत नाही. लशीच्या प्रचारासाठी कोणी तरी रचलेला तो खोटा पुरावा. म्हैसूरच्या दरबारानं बरा मार्ग धरला, १८०५ मध्ये टॉमस हिकीनं काढलेल्या राण्यांच्या चित्रात एक राणी पदर सारून दंड दाखवते आहे, आणि तो लसीचा जाहीर प्रचार असावा असं इतिहासकार मानतात. मुंबई इलाख्यात १८२७ पासून गावोगाव फिरून टोचणाऱ्यांची व्यवस्था बसवली गेली.

हिंदुस्थानातल्या इंग्रजांनी आणि इतरांनी जेन्नरसाठी वर्गणी जमवली. बंगालचे चार हजार पौंड, मुंबईचे दोन हजार, मद्रासचे तेराशेवर. पार्लमेंट दहा की वीस हजार यावर तीन मतांनी अडलं होतं, त्या मानानं ही रक्कम काही थोडी नव्हती.

जेन्नरचे शेवटचे दिवस सुखाचे नव्हते. थोरला मुलगा १८१० मध्ये क्षयानं गेला, पत्नी कॅथरीन १८१५ मध्ये. एकदा टोचलं की जन्मभर देवी नाहीत, असं तो ठासून सांगत आला होता. १८११ मध्ये लॉर्ड ग्रॉव्हनरच्या मुलाला, ज्याला दहा वर्षांपूर्वी खुद्द जेन्नरनंच टोचलं होतं, जबर देवी आल्या. मुलगा वाचला. लशीमुळेच वाचला, असं जेन्नर म्हणत राहिला आणि ते बहुधा खरंही असेल, पण 'जन्मभर' हा शब्द सोडायला तो तयार होईना. काही वर्षांनी पुन्हा टोचावं लागतं, हे इतरांनी शोधलं. दुसरीकडे त्याची हेटाळणी झालेली एक कल्पना टिकून निघाली. गाईच्या देवी मुळात घोड्यांकडून येतात, असं त्याचं म्हणणं होतं. १९०२ सालच्या एका अमेरिकी लशीच्या कुपीची जनुकं अलीकडे तपासली, तर ती गाईपेक्षा घोड्याच्या देवींना जवळची निघाली.

फिप्सला त्यानं बर्कलीत एक घर बिनभाड्यानं दिलं आणि अंगणात गुलाब लावून दिले. २६ जानेवारी १८२३ रोजी जेन्नर अर्धांगवायूच्या झटक्यानं गेला. अंत्ययात्रेत फिप्स होता. दफन गावच्या चर्चमध्येच झालं.

१७ मे १८५८ रोजी लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात त्याचा बसलेला ब्राँझचा पुतळा उभा राहिला, राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट उद्घाटनाला होता. दर्यासारंग आणि सेनापतींच्या त्या चौकात एका गावठी डॉक्टरानं बसावं, हे पार्लमेंटातल्या काहींना मानवलं नाही. चार वर्षांत पुतळा तिथून उचलून केन्सिंग्टन बागेत नेण्यात आला. सिंध घेणारे चार्ल्स नेपियर आणि सत्तावन्नच्या लढाईतले हेन्री हॅवलॉक मात्र त्या चौकात अजून आहेत.